हातमागासाठी आधी काय: इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड की सुधारित रंगणी?

सोलापूरच्या पूर्व भागात हातमागावर भित्तीचित्रे किंवा साड्या विणणाऱ्या कुटुंबाकडे सुधारणेसाठी मोजकेच भांडवल असेल, तर ते आधी मागावर घालावे की रंगणीवर, हे आपण काय विणतो यावरून ठरवावे. यंत्रमागाचा पर्याय येथे विचारात घेतलेला नाही, कारण चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांशी वेगाची स्पर्धा हातमागाला झेपणारी नाही आणि त्या कापडाला हातमागाच्या कापडाची ओळख सांगणारे ‘हँडलूम मार्क’ हे सरकारी चिन्हही लावता येत नाही.

जॅकार्ड म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे निवडून उचलणारे, मागावर बसवलेले यंत्र. पत्त्यांच्या जॅकार्डवर प्रत्येक आडव्या धाग्याला भोके पाडलेला पुठ्ठ्याचा एक पत्ता लागतो. इंचाला 60 आडवे धागे धरले, तर नक्षीची पुनरावृत्ती नसलेल्या 36 इंच लांबीच्या भित्तीचित्रासाठी 2160 पत्ते पाडून क्रमाने ओवावे लागतात, आणि गिऱ्हाइकाने चेहऱ्यात बदल सुचवला की त्यांतले कितीतरी पुन्हा करावे लागतात. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर हीच दुरुस्ती संगणकावर होते, तर धोटा फेकणे आणि फणीने ठोकणे हाताचेच राहते, म्हणून भित्तीचित्रांसाठी माझे मत निःसंशय त्याच्या बाजूने आहे. मात्र ते विजेवर चालते आणि त्यातील नाजूक भागांना सुताची धूळ बाधते. तेव्हा दुरुस्ती करणारा कारागीर जवळपास मिळतो याची खात्री करूनच आगाऊ रक्कम द्यावी.

वर्षानुवर्षे तेच काठ विणणाऱ्या मागाला जुने जॅकार्ड पुरते. तेथे पैसा रंगणीवर घालावा. सुती धाग्यावर गडद रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे कृत्रिम रंग) चढवताना लिटरभर पाण्यात अनेकदा 50 ग्रॅमहून अधिक मीठ लागते, आणि न चिकटलेला रंग त्याच खारट पाण्यातून बाहेर जातो. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात हा प्रश्न घरोघरी जाणवणारा आहे. डाळिंबाच्या जिल्ह्यात सालींचा पिवळा रंग सहज मिळू शकतो आणि तुरटीने तो धाग्यावर धरतो, परंतु प्रत्येक वेळच्या रंगणीची छटा थोडी बदलते. रंग पक्का करण्यासाठी क्रोमचे विषारी क्षार वापरले, तर पर्यावरणाचा हेतूच बाजूला पडतो. एकाच छटेच्या मोठ्या मागणीसाठी बंदी असलेल्या घातक ॲझो रंगांत न मोडणारे रिॲक्टिव्ह रंग आणि सांडपाण्याची सामायिक व्यवस्था अधिक व्यवहार्य आहे. थोड्या, महाग साड्यांसाठी डाळिंबाची साल निवडावी आणि छटेतील फरक गिऱ्हाइकाला मागणी घेतानाच सांगावा.