श्वाल्बे मॅरेथॉन प्लस: पाटाच्या रस्त्यासाठी घ्यावा असा टायर

नाशिकच्या आसपास नदीकाठाने आणि पाटाच्या कडेने सायकल फिरवायची असेल, तर गिअर किती आणि फ्रेम कसली याच्याही आधी टायरचा विचार करा. श्वाल्बे या जर्मन कंपनीचा मॅरेथॉन प्लस मी गेल्या पावसाळ्यानंतर दोन्ही चाकांना चढवला. हिवाळा आणि उन्हाळा त्यावर काढून मग हे लिहितो आहे. टायर महाग आहे, जड आहे, रिमवर बसताना हट्ट करतो. तरीही घ्या.

मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो. सुटीच्या दिवशी मी आणि सौ., दोघं सायकली काढतो. नाशिकला सायकलचं प्रेम मोठं. २०१५ मध्ये आपल्या महाजन बंधूंनी सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्याचा अभिमान मला आजही आहे. पण आमचं सायकल चालवणं वेगळं. आम्हाला घाट चढायचा नसतो, घड्याळ लावायचं नसतं. कॅरिअरवर दोन बॅगा, डबा, पाणी, दुर्बीण, आणि दिवसभर सपाटीला चालत राहायचं.

अशा फिरण्याला पाटासारखा रस्ता नाही. धरणातलं पाणी पंप न लावता दूरच्या शेतापर्यंत न्यायचं, म्हणून कालवा जमिनीच्या उंचीला धरून वळणं घेत जातो आणि उतार अगदी नावापुरता ठेवतो. शेजारचा देखभालीचा रस्ताही मग तसाच. चढ लागत नाही, दम लागत नाही. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावच्या शिवारातून जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा. आवर्तन चालू असेल तर पाट भरून वाहतो आणि भर एप्रिलातही काठाने जाताना अंगाला गारवा लागतो. आमच्या सौ. म्हणतात, ‘हायवेवर मला तुमची पाठ तेवढी दिसते, इथे शेजारी चालवून बोलता येतं.’ हे अगदी खरं आहे.

पण याच रस्त्यावर काटे आहेत, आणि ते बारा महिने आहेत. भरावावर वेडी बाभूळ माजलेली असते. शेतकरी बागेला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या तोडून लावतात, त्यांचे तुकडे मुरमात पडतात. पावसाळा सरला की सराटे वाळतात. सराटा कसाही पडला तरी त्याचं एखादं टोक वर असतंच. सायकलीबरोबर आलेल्या टायरवर मखमलाबादच्या पुढे गेलं की माझं सगळं लक्ष पुढच्या हातभर जमिनीवर असायचं. डावीकडे खंड्या बसलाय, वर घार फिरतेय, हे सौ.नी सांगायचं आणि मी मान हलवायची. माझ्या मते पंक्चरमध्ये वाया गेलेल्या अर्ध्या तासापेक्षा हे नुकसान मोठं होतं.

आता टायरच्या आत काय आहे ते. ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली आणि टायरच्या कापडी आवरणाच्या वर ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबरी पट्टा आहे. कंपनी त्याला स्मार्टगार्ड म्हणते. पंक्चर कमी होतात असं सांगणाऱ्या बऱ्याच टायरमध्ये केव्हलारसारख्या दणकट धाग्याचा पातळ थर असतो. काचेचा तुकडा किंवा धारदार खडी त्याला चिरू शकत नाही, पण बाभळीचा काटा सुईसारखा विणीतून वाट काढतो. इथे मात्र काट्याला आधी ट्रेड आणि मग ती ५ मिलिमीटरची गादी पार करावी लागते, तेव्हा कुठे ट्यूब. तेवढ्यात बहुतेक काट्यांचं टोक मोडतं. मागच्या टायरमध्ये असाच एक मोडून बसलेला काटा मी चिमट्याने ओढून काढला आणि सवयीने व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. आत गेलेला भाग सहा मिलिमीटर भरला. ट्यूब शाबूत होती.

काट्याने झालेलं पंक्चर या टायरवर मला अजून काढावं लागलेलं नाही. एकदा हवा गेली ती आतून: रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणारी पट्टी सरकली होती आणि स्पोकचं भोक ट्यूबला चावलं. बाहेरचा थर कितीही जाड असला तरी याला उपाय नाही. टायर चढवण्याआधी रिमची पट्टी बदलून घ्या, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे.

खरी परीक्षा नांदूर मधमेश्वरला झाली. नाशिकहून चांदोरी-सायखेड्याच्या अंगाने गोदावरीला धरून खाली गेलो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चांदोरीला नदीपात्रातली दगडी मंदिरं उघडी पडतात. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता, त्यामुळे ते दर्शन राहिलं. वाटेत दारणा गोदावरीला येऊन मिळते, आणि नांदूरला कादवा. तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ झाली आहे. २०२० मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागा, जाहीर झाला, महाराष्ट्रात सर्वात आधी. चापडगावच्या बाजूला गाड्या जातात तिथवर डांबर आहे, पण पाण्याच्या काठाची वाट मातीची आणि दोन्हीकडे बाभूळ. सौ.च्या सायकलला साधे टायर, त्यामुळे तिची सायकल आम्ही झाडाला टेकवून ठेवली आणि त्या वाटेवर माझीच नेली, सामानासकट, एकाने चालवायची आणि दुसऱ्याने चालायचं असं आलटून पालटून. पट्टकादंबांचा थवा उतरताना मी चाकाखाली एकदाही पाहिलं नाही. मला या टायरने काय दिलं, तर हे.

बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन जुने, इंग्रजांच्या काळातले कालवे निघतात आणि कोपरगाव-राहात्याकडे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन परत फिरलो. एक पाटकरी, म्हणजे पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारे, भेटले. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘भाऊ, हा तर मोपेडचा वाटतोय.’ वजनाने तो तसाच आहे. माझ्या मापाचा एक टायर ९०० ग्रॅमच्या आसपास जातो. हलके टायर याच्या निम्म्यात मिळतात. सिग्नलवरून निघताना हा जडपणा पायाला कळतो. सपाटीवर एकदा चाक फिरायला लागलं की मला फरक जाणवत नाही, आणि पाटावर सिग्नल नसतात. ज्यांना त्र्यंबकच्या रस्त्यावर ग्रुपबरोबर वेगात पळायचं आहे त्यांनी हा घेऊ नये, त्यांना तो ओझंच वाटेल.

मापाबद्दल नीट सांगतो, कारण ऑर्डर करताना गोंधळ इथेच होतो. टायरच्या कडेला दोन आकडे असतात, माझ्या टायरवर ३७-६२२. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हायब्रिड आणि रोड सायकलींना बहुधा ६२२ असतो. घरात जुनी काळी दांड्याची सायकल असेल तर तिच्यावर ‘२८’ लिहिलेलं दिसेल, पण तो व्यास बहुधा ६३५ असतो आणि ६२२ चा टायर त्यावर बसत नाही. इंचाच्या आकड्यावर विसंबू नका. मडगार्ड आणि ब्रेकमध्ये जागा किती आहे तेही मोजा.

चढवताना ताकदीपेक्षा पद्धत लागते. टायर आधी उन्हात ठेवून मऊ करा. कडांना साबणाचं पाणी लावा. व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्वपाशी संपवा, आणि बसलेली कड सतत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत राहा. तिथे व्यास कमी असल्याने शेवटची वीतभर कड सैल पडते. एका ठिकाणी पट्ट्याने बांधून ठेवलं तर बसलेली कड परत निसटत नाही. कडेवर दिशेचा बाण आहे, तो पाहूनच चाक लावा.

जुनी ट्यूब कापून टायरच्या आत घालायचा उपाय आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, मीही वापरला आहे. गावातल्या गावात तो चालतो. लांबच्या प्रवासात, बॅगांचं वजन असताना, कापलेली कड आतून ट्यूबला घासत राहते आणि काटा नसताना हवा जाते.

पावसाळ्यात मात्र पाटाच्या काळ्या मातीत कोणताही टायर घेऊन जाऊ नका. माती मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. त्या दिवसांत डांबरी रस्ता धरावा. टायरच्या दोन्ही बाजूंना परावर्तक पट्टी आहे, संध्याकाळी परतताना मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला नाही, पण आडव्या रस्त्याने येणाऱ्याला सायकल लगेच दिसते. मागचा दिवा वेगळा हवाच.

किंमत साध्या टायरच्या कितीतरी पट आहे आणि मला तो ऑनलाइन मागवावा लागला. ती रक्कम मला जास्त वाटत नाही. सौ.च्या सायकलला २६ इंची चाकं आहेत, व्यास ५५९. तिच्यासाठी ४७-५५९ ची जोडी या आठवड्यात मागवली आहे.