हरवलेली पॅकेजेस परत आणायला सिनॅप्टिक

सिल्व्हर मॉलमधून जुना संगणक घेऊन त्यावर लिनक्स मिंट ही संगणक प्रणाली चालवणाऱ्या इंदूरच्या मराठी घरांनी दुरुस्तीवाल्याकडे धावण्याआधी सिनॅप्टिक हे पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे संच, बसवणारं-काढणारं गुणी, फुकट साधन उघडावं. जागा मोकळी करताना कुणी पायथन-३ ही प्रोग्रॅमिंगची भाषा काढली, की तिच्यावर विसंबलेला निम्मा डेस्कटॉप सोबत जातो. देवनागरी फॉन्ट गेले, तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

आधी ‘रीलोड’ने पॅकेजेसची यादी ताजी करा. मग ‘फाइल’मधल्या ‘हिस्ट्री’त काय काढलं ते तारखेनुसार सापडतं. ती नावं शोधून ‘मार्क फॉर इन्स्टॉलेशन’, नंतर ‘अप्लाय’. फॉन्टसाठी फॉन्ट्स-देवा हे पॅकेज पुरेसं आहे. काम अर्धवट अडकलं असेल, तर ‘एडिट’मधलं ‘फिक्स ब्रोकन पॅकेजेस’. ‘अप्लाय’आधीची यादी मात्र शेवटपर्यंत वाचाच: काढायच्या यादीत डेस्कटॉपचं नाव दिसलं तर थांबा. बऱ्याचदा बाहेरच्या पीपीएतली (इतरांनी चालवलेल्या सॉफ्टवेअर-भांडारातली) आवृत्ती आड येत असते.

मोठी उणीव ही, की टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) काढलेलं या हिस्ट्रीत दिसत नाही. ते व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरांत आत गेल्यावर हिस्ट्री-लॉगमध्ये मिळतं. डेस्कटॉपच गेला असेल, तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून उघडणाऱ्या अक्षरी पडद्यावरूनच तो लॉग वाचा.

सगळं सुरळीत झालं, की ‘सेव्ह मार्किंग्ज ॲज’मध्ये ‘सेव्ह फुल स्टेट’वर खूण करून बसवलेल्या पॅकेजेसच्या यादीची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा.