व्हीगन दही: शेंगदाण्याचं की सोयाबीनचं?

विरजण दोन्हींना एकच चालतं: हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं, किंवा आधीच्या व्हीगन दह्याचे दोन चमचे. खरा फरक दुधात आहे.

शेंगदाण्याचं काम सोपं. एक वाटी दाणे सहा तास भिजवून सालं काढा, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळा. मंद आचेवर ढवळत उकळा. हात थांबला की तळाला लागलंच. कोमट झाल्यावर विरजा. दही मऊ लागतं, पण खाली पाणी सुटतं. ताकाला, कढीला उत्तम. कढीत बेसन आधी कालवा, नाहीतर फुटते.

सोयाबीन आठ-दहा तास भिजवावं लागतं. थंड पाण्यात वाटलं की कच्चट वास येतो, कारण दाणा फुटताच त्यातलं एन्झाइम तेलावर काम करू लागतं. म्हणून उकळत्या पाण्यातच वाटा (मिक्सरचं झाकण घट्ट धरून). मग वीस मिनिटं शिजवा. कच्चं सोयादूध पचत नाही, आणि फेस आला म्हणजे उकळलं असं समजू नका. पातेलं मोठं हवं. विरजताना अर्धा चमचा साखर घाला. दही घट्ट लागतं. श्रीखंडासाठी चक्का हवा असेल तर हेच घ्या.

रोजच्या दहीभाताला मात्र शेंगदाण्याचंच.