मांडवला राहायचं तर खोली सागर तलावाकडचीच घ्या

आम्हा इंदूरकरांचं मांडव, म्हणजे मांडू, ठरलेलं असतं. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघायचं, जहाज महालासमोर फोटो, रूपमती मंडपाखाली भुट्टा, आणि रात्री परत इंदूरच्या सराफ्यात, खाऊगल्लीत, हजर. जेमतेम शंभर किलोमीटर, त्यामुळे मुक्कामाचा विचार कोणाच्या डोक्यातच येत नाही. या खेपेला पुण्याहून मावसबहीण आणि मेव्हणे आले होते, म्हणून सागर तलावापाशी एका गेस्ट हाउसमध्ये राहिलो. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, तेव्हा हा अभिप्राय थोडा नळवाल्याचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गेस्ट हाउसचं नाव लिहीत नाही. चादरी स्वच्छ, गरम पाणी वेळेवर, नळाला धार चांगली. पण ‘लेक व्ह्यू’ म्हणून जादा पैसे घेतले आणि खिडकी उघडली तर समोर जनरेटर! काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, “अंकल, थोड़ा झुक के लेफ्ट में देखिए, तालाब दिखता है.” मेव्हणे बिचारे वाकले. त्यांना काळी सिंटेक्सची टंकी दिसली. जरा आवाज चढवल्यावर दुसरी खोली मिळाली, आणि ती मात्र खरोखर तलावावर. तेव्हा पैसे देण्याआधी खिडकी उघडून बघा, फोनवरच्या फोटोंवर जाऊ नका.

मुक्कामाची किंमत सकाळी वसूल होते. इंदूरच्या गाड्या यायच्या आत तलावाकाठून चालत निघालात की मलिक मुघीसची मशीद (1432 सालची), समोरची सराई, थोडं पुढे दाईचा महाल, हे सगळं तुमच्या एकट्याचं. मशिदीतले खांब नीट बघा. जुन्या देवळांचे आहेत ते, कोरीवकाम अजून शाबूत आहे. एका दिवसात उरकणारी मंडळी या बाजूला गाडीची काचही खाली करत नाहीत.

जहाज महालाला वाटाड्या जरूर करा, पण काय बघायचं ते तुम्ही सांगा. आमच्या वाटाड्याने सुलतान बाजबहादूर आणि त्याची राणी रूपमती यांची टेप लावली होती. मी म्हटलं, भाऊ, प्रेमकथा ठाऊक आहे, पाणी कुठून यायचं ते दाखव. माणूस एकदम खुलला. विंध्याच्या कड्यावर, दोन हजार फुटांच्या वर वसलेलं हे गाव; नदी खाली दरीत. म्हणजे पावसाळ्यात जे पडेल ते साठवायचं, एवढाच मार्ग. मुंज आणि कपूर या दोन तलावांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर हा सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीचा महाल उभा आहे, साधारण माळव्याच्या सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या काळातला (1469 ते 1500). दोन्ही तलाव भरलेले असले तरच त्याचं जहाज होतं. मेमध्ये जाऊन “कसलं जहाज?” म्हणणाऱ्यांनी भादव्यात जावं.

मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो पन्हळीपाशी. पाणी हौदात सरळ सोडलेलं नाही. दगडात गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल वळणं कोरली आहेत, त्यातून ते फिरत जातं, वेग मोडतो, गाळ खाली बसतो. आमच्या फिल्टर प्लांटवर ज्या कामाला मोठाल्या टाक्या लागतात, ते काम इथे वीतभर रुंदीच्या खाचेत चाललेलं. मी वाकून बोटाने वळणं मोजायला लागलो, तेव्हा बहीण म्हणाली, “दादा, रिटायर झालास ना?” उत्तरेकडचा कमानींचा हौद आणि चंपा बावडीच्या तळघरातल्या थंड खोल्या तिला आवडल्या. हिंडोला महालाच्या तिरक्या भिंतींपाशी मेव्हण्यांनी फोटो काढले. सुलतान होशंगशाहच्या संगमरवरी मकबऱ्यावर शाहजहानच्या वास्तुकारांनी भेट दिल्याचा 1659 चा लेख आहे, तो चुकवू नका.

रूपमती मंडपावरून कडा सरळ निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात, उतरतो. हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघ दिसते. मंडपाच्या तळाशीही पावसाच्या पाण्याचं टाकं आहे, ते बघायला कोणी उतरत नाही. वाटाड्या सांगत होता, राणी नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय जेवत नसे. आम्ही इंदूरवाले त्याच खोऱ्यातून, जलूदहून उपसलेली नर्मदा नळाने पितो आणि दोन दिवस पाणी आलं नाही तर महापालिकेच्या झोन कार्यालयावर मोर्चा नेतो.

जेवणाचं म्हणाल तर दाल-पानिया सकाळीच सांगून ठेवा. मक्याचे गोळे पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजायला वेळ लागतो, आयत्या वेळी मागितलं तर गारढोण मिळतं. आम्हाला गरम मिळाले, वर तुपाची धार. कडेला जराशी राख लागलेली, तीच खरी चव. पोहे मात्र इंदूरकराने मांडवात मागू नयेत, उगाच तोंड वाकडं होतं.

रस्त्यात गोरखचिंचेची मखमली कवचाची फळं विकायला असतात. एकच घ्या, फोडून तिथेच चाखा, मगच पिशवी भरा. मेव्हण्यांनी सहा घेतली. पाच अजून आमच्या ओट्यावर आहेत.

रविवारी जाऊ नका. पावसाळ्यातल्या रविवारी तर घाटात गाडीत बसूनच मांडव बघावं लागतं.