क्वेसार की ब्लेझार? झोत कुठे रोखलाय ते बघा

कन्या राशीतला ३सी २७३ चांगल्या हौशी दुर्बिणीतून अगदी साध्या ताऱ्यासारखा दिसतो. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांना त्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा तांबड्याकडे जवळपास १६ टक्के सरकलेल्या आढळल्या, आणि (रेषा जितक्या जास्त सरकलेल्या, तितकं अंतर जास्त) हा 'तारा' एकदम दोन अब्ज प्रकाशवर्षांपलीकडे गेला. तो क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखं दिसणारं, पण दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र.

ब्लेझारचं घराणं तेच. मधोमध महाकाय कृष्णविवर, भोवती तापलेल्या वायूची तबकडी, दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रकाशवेगाने सुटलेले झोत. (बहुतेक क्वेसारमध्ये मात्र असे जोरदार झोत नसतातच.) फरक पडतो तो दिशेने. रात्री घाटात वळणावरून येणाऱ्या ट्रकचा उजेड आधी कडेच्या दरडीवर दिसतो; तोच ट्रक समोर आला की डोळे दिपतात. ब्लेझारचा झोत असा थेट आपल्या तोंडावर रोखलेला. त्यामुळे त्याचं तेज कैक पटींनी वाढून दिसतं आणि काही तासांतही कमीजास्त होतं. बीएल लॅसर्टी हा ब्लेझार १९२९ मध्ये सापडला, तेव्हा त्याची नोंद रूपविकारी (तेज बदलणारा) तारा म्हणूनच झाली होती!

मला विचाराल तर जास्त थरारक ब्लेझारच. २२ सप्टेंबर २०१७ ला अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या आइसक्यूब या वेधशाळेने एक न्यूट्रिनो (कशालाही क्वचितच अडणारा सूक्ष्म कण) टिपला. त्याच्या वाटेचा माग टीएक्सएस ०५०६+०५६ या ब्लेझारकडे गेला, आणि तो तेव्हा गॅमा किरणांत भडकलेला होता.

आणि गंमत म्हणजे, झोत बराचसा आपल्याकडेच वळलेला असल्याने ३सी २७३ लाही अनेक जण ब्लेझारांतच धरतात.