गावच्या घरात हार्ट पेशंट आहे, मग एअर प्युरिफायर घ्यायचा की आधी धूर काढायचा?

गणपतीला कोकणात गावी येताना आईवडिलांसाठी एअर प्युरिफायर आणायचा विचार हल्ली बरेच चाकरमानी करतात, खास करून बाबांची बायपास झालेली असेल किंवा आईचं बीपी दोन गोळ्या घेऊनही खाली येत नसेल तर. विचार चांगलाच आहे, पण बरं मशीन दहा-बारा हजारांच्या आसपास जातं आणि तेवढ्यात स्वैपाकघरात एक्झॉस्ट आणि न्हाणीत गिझर दोन्ही होऊन जातं, त्यामुळे आधी जरा बघून घ्या की तुमच्या घरात नेमकं काय कामाला येणार.

धुराचा आणि हार्टचा संबंध काय, तर अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, ते फुप्फुसात पार तळापर्यंत जातात, तिथं सूज येते, रक्तवाहिन्या आखडतात, रक्तात गुठळी धरायची शक्यता वाढते आणि बीपी वर सरकतं. आपण चुलीचा धूर म्हणजे खोकला आणि दमा एवढंच धरून चालतो, पण डब्ल्यूएचओच्या हिशोबाने २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात ३२ लाख माणसं गेली आणि त्यातली ३२ टक्के हृदयविकाराने, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा.

आता प्युरिफायर. याच्यावर खरोखरचे प्रयोग झालेत, काही तर असे की अर्धा वेळ फिल्टर काढलेलं मशीन चालवायचं आणि लोकांना कळू द्यायचं नाही. शांघायमध्ये कॉलेजच्या ३५ पोरांच्या खोल्यांत दोन दिवस फिल्टर चालवला, कण निम्म्याहून कमी झाले आणि वरचं बीपी २.७ टक्के उतरलं, हे २०१५ साली छापून आलं. डेट्रॉइटमध्ये ४० म्हाताऱ्या माणसांवर तीन-तीन दिवस करून बघितलं तर साधारण तीन पॉइंट खाली. आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला, हायवेजवळ राहणारी १५४ माणसं, महिनाभर मशीन, तर ज्यांचं वरचं बीपी १२० च्या वर होतं त्यांचं २.८ ने उतरलं, बाकीच्यांना काही विशेष फरक नाही. मला विचाराल तर हे तीन पॉइंट कमी नाहीत पण म्हणून गोळी बंद करायची असं कोणी डोक्यात घेऊ नका, आणि घरातल्या मशीनमुळे हार्ट अटॅक टळले असं अजून कुठल्या प्रयोगात सिद्ध झालेलं नाही, दुकानदार काहीही सांगू दे.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे धूरच काढून टाकायचा, त्याचा पुरावाही एकदम पक्का आहे असं नाही हां. भारत, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत लाकडाच्या चुलीवर स्वैपाक करणाऱ्या गरोदर बायकांना गॅस देऊन बघितलं, धूर भरपूर कमी झाला पण बीपी काही उतरलं नाही. त्या तरुण होत्या, बीपी मुळातच बरं होतं, त्यामुळे सत्तरीतल्या बायपासवाल्या माणसाला ते जसंच्या तसं लागू करता येत नाही.

मग ठरवायचं कशावर? माझ्या मते घर कसलं आहे त्यावर. प्युरिफायरचं गणित बंद खोलीचं असतं, दहा बाय बाराची खोली आणि दहा फूट उंची धरली तर साधारण ३४ घनमीटर हवा झाली, ती तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करून देतं तो आकडा, १७० तरी पाहिजे. हे रत्नागिरीतल्या किंवा चिपळूणच्या फ्लॅटमधल्या बेडरूमला ठीक, पण कौलारू घरात कौलांतनं, वाशांच्या फटींतनं सतत हवा आत-बाहेर चाललेली असते, माजघर आणि पडवीला दारच नसतं कित्येकदा, तिथं मशीन लावणं म्हणजे अंगणात पंखा लावून वाडी थंड करण्यासारखं आहे. एखादी स्लॅबची किंवा सीलिंग मारलेली खोली असेल आणि म्हातारी माणसं तिथं दार लावून झोपत असतील तरच पुढचा विचार करा.

आणि पावसाचे चार महिने वेगळेच. दमट हवेत मशीनवरचा आकडा फसवतो, कारण आतला लेझर सेन्सर पाण्याचे बारीक थेंबही धूळ म्हणून मोजतो, मग बाहेर स्वच्छ पाऊस पडतोय आणि मशीन लाल दिवा लावून बोंबलतंय. फिल्टर ओलसर राहिला आणि मशीन बंद पडून राहिलं की कुबट वास येतो, बुरशी धरते. खाऱ्या वाऱ्यात बोर्ड गंजतात ते वेगळंच, आणि लाईट तर काय, आपल्याकडे वाऱ्याबरोबर जाते.

एक्झॉस्टचं काम साधं आहे, दीड-दोन हजाराचा पंखा, शेगडीच्या वर उंचावर, आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला खिडकी उघडी, नाहीतर तो नुसता फिरतो. गॅसवर बांगडे तळतानाही कण होतातच, त्यामुळे गॅस आहे म्हणून पंखा नको असं नाही. इलेक्ट्रिक चिमणी घेतलीत तर पाइप बाहेर काढणारीच घ्या, बिनपाइपची तेल धरते आणि उरलेलं परत तुमच्याच तोंडावर सोडते. लाकडाच्या चुलीवर मात्र ती लावूच नका, ठिणगी गेली तर फिल्टरमधलं तेल पेटेल, तिथं धुराडंच पाहिजे.

पण खरी गोम न्हाणीत आहे. स्वैपाकाला गॅस येऊन वर्षं झाली तरी आंघोळीचं पाणी अजून फाटी, माडाची चुडतं आणि नारळाच्या सोडणांवर तापतं, आणि सकाळी तिथं फुंकर मारत कोण बसतं तर घरातली म्हातारी माणसंच. पावसात सोडणं ओली, म्हणजे धूर दुप्पट, आणि सोलर त्या दिवसांत तापत नाही. हार्ट पेशंट असलेल्या घरात माझा पहिला खर्च गिझर, दुसरा एक्झॉस्ट. तिसरी गोष्ट फुकट आहे, मच्छर कॉइल बंद करून मच्छरदाणी, कारण एका कॉइलमधनं ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असं मोजलेलं आहे. कॉइल लावून शेजारी प्युरिफायर चालू ठेवलेलीही घरं आहेत, काय बोलणार.

एका बाबतीत मात्र प्युरिफायर सरस. धूर बाहेरचाच असेल, म्हणजे उन्हाळ्यात शेतातली भाजावळ, बागेत पेटवलेला पातेरा, किंवा घर मुंबई-गोवा हायवेला लागून आणि दिवसरात्र ट्रक, तेव्हा एक्झॉस्ट उलट तो धूर आत ओढतो. तेव्हा खिडक्या लावायच्या, पंखा बंद, आणि खोलीत हेपाचं, म्हणजे बारीक कण धरणाऱ्या फिल्टरचं मशीन रात्रभर. एमआयडीसीच्या बाजूला केमिकलचा वास येतो त्याला नुसता हेपा काही करत नाही, त्याला कार्बनचा जाड थर लागतो आणि तोही लवकर संपतो.

घ्यायचाच ठरला तर आयोनायझर किंवा ओझोनवाला नको, ओझोन स्वतःच छातीला त्रास देतो. फिल्टर वर्षाला बदलावा लागतो, दोन-तीन हजार धरा, आणि तो तुमच्या पिनकोडला मिळतो का हे मशीन घ्यायच्या आधी बघा. आणि गणपतीला आणूच नका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आणा, मेअखेरपर्यंत वापरा आणि पावसाआधी फिल्टर काढून सुक्या डब्यात ठेवा.