गिअरवालं लाकडी घड्याळ: दुसरीतल्या मुलीसाठी घेतलं, त्याचा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू होताना ठाण्यात राम मारुती रोडवरच्या एका दुकानातून घेतलं, आता दिवाळीही होऊन गेली. दुकानात दोन प्रकार होते. एकात दोन्ही काटे सुटे फिरतात. दुसऱ्यात मागे दात्यांची चक्रं आहेत, त्यामुळे मोठा काटा फिरवला की छोटा आपोआप सरकतो. किंमत जवळपास दुप्पट, तरी हेच घ्या. सुट्या काट्यांवर मूल साडेतीन दाखवताना छोटा काटा थेट तीनवर ठेवतं आणि आपणही 'शाब्बास' म्हणून मोकळे होतो. खरं तर तो तीन आणि चारच्या बरोबर मध्ये हवा. मोठा काटा मिनिटाला ६ अंश जातो, छोटा जेमतेम अर्धा. हे मुलांना समजावत बसावं लागत नाही, फिरवताना दिसतंच.

खरा उपयोग झाला तो 'पावणे'साठी. शाळेत 'फोर फॉर्टी फाइव्ह', घरी पावणेपाच. आबा (माझे सासरे) म्हणायचे, "पावणेपाचला तलावपाळीला निघू," आणि ही पाच पंचेचाळीस धरून निवांत चित्रं काढत बसायची. या घड्याळात ४:४५ ला छोटा काटा पाचच्या जवळ आलेला दिसतो. पाचाला पाव कमी, एवढंच. एकदा ते दिसल्यावर सव्वा आणि साडे पटापट आले. दीड, अडीच मात्र पाठच करून घ्यावे लागले, 'साडेएक' बरेच दिवस चाललं. आणि नुसतं 'पाऊण वाजला' म्हणजे १२:४५, हे तिला अजून पटलेलं नाही.

तक्रारी आहेत. कडेचे मिनिटांचे आकडे गणपतीपर्यंत पुसट झाले. १३ ते २४ चं आतलं वर्तुळ इतकं बारीक आणि फिकट की गावाच्या गाडीच्या तिकिटावरचे १७:४० शोधताना मलाच चष्मा लागला. सोबत वार, महिना आणि हवामानाची चकती येते. जूनमध्ये बाण पावसावर नेला, तो अजून तिथेच आहे.

घड्याळ वाचता आलं तरी दहा मिनिटं म्हणजे किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एक, तीन आणि पाच मिनिटांची वाळूची घड्याळं वेगळी आणली. तीनवालं मोबाईलशी ताडून पाहिलं तर थोडं मागे पडतं, पण दात घासायला चालतं. माझं 'दोन मिनिटांत आले' मोजायलाही ती तेच वापरते, हा ताप वेगळा.

आबांनी त्यावर कडी केली. पूर्वी लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवत, भोक असलेली वाटी पाण्यात बुडायला २४ मिनिटं लागत, ती एक घटका; अशा ६० घटकांचा दिवस. मग दोघांनी करवंटीला भोक पाडून ती बादलीत सोडली. क्षणात बुडाली. मग मेण लावून भोक बारीक करणं, पुन्हा सोडणं, वहीत वेळ लिहिणं, असा अख्खा रविवार गेला. घटका काही जमली नाही, पण आता ती कुठल्याही कामाला किती वेळ लागेल याचा आधी अंदाज सांगते आणि मग मोजते.

पाचाचा पाढा येत नसेल तर घाई करू नका. तोवर मूल नुसते काटे गरगर फिरवतं, आणि मागची चक्रं प्लॅस्टिकची आहेत.